मामाच्या मापवहीपासून छापील पुस्तकापर्यंत

पुस्तक छापून हातात आलं त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून चित्रकार मित्रमैत्रिणींचे आणि काही अनोळखी लोकांचेही मेसेज येतायत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, कसा काढला, फ्लुरोसंट रंग कुठे छापून मिळाला, एकूण पैसे किती गेले. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच, घडलं त्या क्रमाने लिहून काढते. दोन वर्षांपूर्वी मी असंच काहीतरी शोधत होते आणि मला ते मराठीत सापडलं नव्हतं.

पुस्तक गोव्यातल्या हणजुणच्या किनाऱ्यावरच्या कपड्यांबद्दल आहे. साठच्या दशकाच्या मध्यापासून तिथे येऊ लागलेले हिप्पी, त्यांच्या पौर्णिमेच्या आणि नाताळच्या पार्ट्या, बुधवारचा बाजार, आणि पुढे नव्वदच्या दशकातल्या ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताच्या पार्ट्यांमधले काळोखात पेटल्यासारखे दिसणारे कपडे. १४४ पानं, १३६ चित्रं, मजकूर मराठीत.

सुरुवात झाली नोव्हेंबर २०२२मध्ये. दिवाळी होऊन गेली होती आणि म्हापशाला मामाने शिवणकामाचं दुकान बंद करायचं ठरवलं होतं. डोळे साथ देईनात म्हणून. मी पुण्याहून सामान आवरायला गेले. शिलाई मशीनच्या खालच्या खणात चार वह्या निघाल्या, सुतळीने बांधलेल्या. पहिल्या वहीचं पहिलं पान १९७४चं. गिऱ्हाइकांची नावं जवळजवळ नाहीतच. "लांब जर्मन : कंबर २८, उंची ४४, मोहरी ३०, नाडी." "कुत्र्यावाली बाय : झगा, बाही नको." प्रत्येक नोंदीशेजारी पेन्सिलीने काढलेला छोटा आकार, आणि टाचणीने टोचलेला कापडाचा तुकडा. टाचण्या गंजल्या होत्या आणि प्रत्येक तुकड्यावर तपकिरी ठिपका उमटला होता. मांजरपाट, कोळ्यांच्या कष्टीचं लाल चौकड्याचं कापड, एका पानावर तर चक्क खण. खणाचं जाकीट शिवून घेतलं होतं कुणीतरी.

मामाला विचारलं, "ही सगळी फॅशन त्यांनी आणली ना रे?"

मामा म्हणाला, "अगो, ते कागदावर रेघोट्या मारून दाखवायचे. कापड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं आणि शिवण माझी. आता तूच सांग कोणी आणली."

पुस्तकाचा कणा मला तिथे मिळाला. या कपड्यांचे फोटो जगभर छापले गेले, पण फोटोखाली कधी शिवणाऱ्याचं नाव आलं नाही, आरसे लावणारीचं तर नाहीच. माझ्या पुस्तकात प्रत्येक कपड्याशेजारी तो कुणी केला हे असणार, आणि ते मागे परिशिष्टात ढकललेलं नसणार, चित्राच्या पानावरच असणार. पुढे दोन वर्षं जेव्हा जेव्हा काय ठेवू, काय काढू असा प्रश्न पडला तेव्हा या एका गोष्टीने सोडवला. म्हणून पहिली सूचना हीच : मांडणीला बसण्याआधी पुस्तकाचा आग्रह काय आहे तो एका वाक्यात लिहा आणि टेबलासमोर चिकटवून ठेवा.

जानेवारी ते एप्रिल २०२३ हे चार महिने माहिती गोळा करण्यात गेले. पुणे-म्हापसा रात्रीच्या बसने सात फेऱ्या केल्या. येणं-जाणं आणि किरकोळ खर्च मिळून २१ हजार रुपये. राहणं मामाकडे असल्यामुळे वाचलं. पणजीला पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचे खंड पाहिले. हिप्प्यांचा उल्लेख सापडे, पण त्यांच्या कपड्यांवर ओळसुद्धा नसे. तीन दिवसांत माझ्या वहीचं जेमतेम दीड पान भरलं. तेव्हा फार खचले होते. नंतर लक्षात आलं की कपड्यांचा इतिहास शोधायचा तर तो कपाटांत आणि पेट्यांत शोधायला हवा. मग मामाच्या ओळखीने घराघरांत गेले. पूर्वी परदेशी लोकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या तीन घरांत त्यांनी मागे सोडलेले कपडे अजून जपून ठेवलेले होते. एका घरात अफगाणी मेंढीच्या कातड्याचा कोट होता, आत लोकर, बाहेर पिवळ्या रेशमाचं भरतकाम. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे बसने येणारे लोक असे कोट वाटेत विकत घेत. १९७९मध्ये इराणातली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध यांमुळे तो रस्ता बंद झाला. हणजुणला पोचल्यावर या कोटाचा उपयोग काय, तर रात्री वाळूवर अंथरायला. घरातल्या आजींनी तो चाळीस वर्षं डांबराच्या गोळ्यांत ठेवला होता.

बुधवारच्या बाजारात गेले फेब्रुवारीत. हा बाजार सत्तरच्या दशकात हिप्प्यांनी सुरू केला. परतीच्या तिकिटासाठी कॅमेरे, कपडे, पुस्तकं असं आपापसांत विकायचे. एट फिंगर एडी या नावाने सगळ्यांना माहीत असलेल्या अमेरिकन माणसाचं नाव त्याच्या आरंभाशी जोडलं जातं. तो २०१०मध्ये गेला. आज तिथे काश्मिरी, तिबेटी, राजस्थानी विक्रेते आहेत, आणि कर्नाटकातून आलेल्या लंबाणी बायका. मामाकडे कुणीतरी विसरून गेलेली एक आरशांची पिशवी होती, ती मी सोबत नेली होती. एका अक्कांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली आणि आधी उलटी केली. आतली बाजू बघत, बोट फिरवत सांगू लागल्या : हा फेटियाचा (घागऱ्याचा) घेर, ही कांचळीची (चोळीची) पाठ, हा तुकडा वेगळ्या बाईच्या हातचा, टाका बघ किती बारीक. म्हणजे बाजारात 'हिप्पी बॅग' म्हणून विकली गेलेली ती पिशवी दोन-तीन बायकांच्या अंगावरचे जुने कपडे कापून जोडलेली होती. मी पिशवीचं चित्र समोरून काढून ठेवलं होतं. ते त्याच दिवशी रद्द केलं. पुस्तकात ती पिशवी उलटीच आहे, आतली बाजू वर.

आरशाचं चित्रही मी चुकीचं काढलं होतं. आरसा चिकटवलाय आणि भोवती दोऱ्याचं कडं आहे असं. अक्कांनी करून दाखवलं. आरशाला भोक नसतं, डिंक नसतो. आधी आरशावरून दोन दोरे उभे, दोन आडवे घालून चौकट बांधायची. मग सुई त्या चौकटीत अडकवत आणि कापडात टोचत गोल फिरायचं. प्रत्येक टाक्यासरशी चौकट कडेकडे ओढली जाते आणि मधून आरसा उघडा पडत जातो. शेवटी दिसतं गोल, पण आत चौकोन असतो. मला हे नीट रेखाटायला नऊ प्रयत्न लागले. आता त्या दोन पानांवर आरसा सहा टप्प्यांत उघडताना दिसतो.

अक्का चार दिवस माझ्यासोबत बसल्या. दिवसाला १५०० रुपये मानधन ठरवलं, कारण त्या दिवसांची त्यांची विक्री बुडत होती. संमतीपत्र तयार केलं होतं, ते वाचून दाखवलं. नाव छापू का विचारल्यावर म्हणाल्या, छाप, पण तांड्याचं नावही घाल. एकूण ११ जणांकडून अशी लेखी संमती घेतली. एक पान पुरतं : कुठली माहिती, कुठलं चित्र, नाव छापायचं की नाही, मानधन किती, आणि छापण्याआधी मजकूर दाखवला जाईल हे वचन. दोघांनी नंतर नाव काढायला सांगितलं आणि मी काढलं. हे काम पुस्तक पूर्ण झाल्यावर करू म्हणून लांबवू नका.

फोटोंबद्दल मात्र निराशा झाली. माझी पहिली कल्पना जुन्या फोटोंवरून चित्रं काढायची होती. आपल्या कायद्यात छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे १९७५ साली छापलेला फोटो अजूनही कुणाचातरी असतो, आणि त्यावरून हुबेहूब चित्र काढायलाही परवानगी लागते. एका परदेशी छायाचित्र-संग्रहाने एका फोटोला साधारण १४ हजार रुपये सांगितले, तेही १००० प्रतींपुरते. मी तो मार्गच सोडला. दुसरं कारणही होतं. त्या काळच्या किनाऱ्यावरचे बरेच फोटो उघड्यानागड्या माणसांचे आहेत, आणि ती माणसं आज कुणाची तरी आजी-आजोबा आहेत. तेव्हा ठरवलं : चेहरे नाहीत. फक्त कपडा, आणि तो अंगावर कसा पडतो हे सांगण्यापुरतं शरीर. पुढे हे बंधन पुस्तकाच्या फायद्याचं ठरलं. चेहरा नसल्यामुळे वाचकाची नजर थेट शिवणीवर जाते.

पहिलं प्रकरण गोव्याबाहेरचं आहे, कारण ही लाट कुठून उठली ते सांगणं भाग होतं. जून १९६७मधला कॅलिफोर्नियातला माँटेरेचा संगीत महोत्सव, मग १५ ते १८ ऑगस्ट १९६९चा वुडस्टॉकचा, न्यूयॉर्क राज्यात बेथेल गावच्या एका दूधवाल्याच्या शेतावर, चार लाखांहून जास्त माणसं. दोन्हीकडे रविशंकर वाजवायला होते. वुडस्टॉकच्या पहिल्या दिवशी स्वामी सच्चिदानंद मंचावरून बोलले, आणि रविशंकर पावसात वाजवत होते. म्हणजे भारत तिथे आधीच पोचला होता, कपड्यांतूनही. डोक्याला बांधतात तो बंडाना, हा शब्दच आपल्या 'बांधणे'मधून गेलेला. अमेरिकेत टाय-डायची साथ आली तेव्हा कच्छ-राजस्थानात बांधणी कितीतरी पिढ्या चालत आलेली होती. गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सने वुडस्टॉकच्या शेवटच्या दिवशी, सोमवारी सकाळी घातलेलं झालरींचं, मण्यांचं पांढरं जाकीट सगळ्या जगाला माहीत आहे. मी त्यातली फक्त एक बाही काढली, हात उचलल्यावर झालरी कशा लोंबतात तेवढी. हे प्रकरण आधी ४० पानांचं झालं होतं. कापून १६ केलं. वुडस्टॉकवर इंग्रजीत वाटेल तितकं लिहिलेलं आहे, मामाच्या वहीवर कुणीच लिहिलेलं नाही.

मे ते डिसेंबर २०२३ चित्रं. पुण्यात दिवसा नोकरी, रात्री नऊनंतर टेबल. आठवड्याला चार चित्रं हा वेग मला झेपला. काम चालू असताना, ऑक्टोबर २०२३मध्ये, गोवा गिल गेल्याची बातमी आली. १९७०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला हा माणूस पुढे हणजुणच्या रात्रींच्या संगीताशी कायमचा जोडला गेला. त्या आठवड्यात मी हणजुणशेजारच्या वागातोरमधल्या डिस्को व्हॅली या पार्ट्यांच्या जागेच्या रात्रीचं चित्र काढत होते. नाचणारे मागे, अंधुक, आणि पुढे चटई टाकून, चिमणीच्या उजेडात चहा विकणारी स्थानिक बाई, अंगात साडीवर पुरुषी स्वेटर. डिसेंबरच्या पहाटे किनाऱ्यावर किती गारठा असतो हे तिच्या स्वेटरवरून कळतं. माझ्या लेखी तोही त्या उत्सवाचाच पोशाख आहे.

रात्रीच्या चित्रांत पहिली तांत्रिक अडचण आली. मी फ्लुरोसंट पोस्टर कलर वापरले होते. कागदावर झगझगीत दिसत होते. स्कॅन केल्यावर गुलाबीचा विटका लाल झाला आणि पिवळ्याचा हिरवट चिखल. हे रंग अंगावर पडलेला अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश म्हणून परत टाकतात, म्हणून ते आपल्याला जरुरीपेक्षा जास्त उजळ वाटतात. स्कॅनरला ते पकडता येत नाही, आणि छपाईच्या नेहमीच्या चार रंगांतून ते तयारही होत नाहीत. उपाय एका जुन्या छपाईवाल्या काकांनी सांगितला : चमकणारा भाग मूळ चित्रात रंगवायचाच नाही. वर ट्रेसिंग पेपर ठेवून तेवढा भाग काळ्या-करड्यात काढायचा, वेगळा स्कॅन करायचा, आणि तो पाचव्या रंगाची प्लेट म्हणून द्यायचा. २२ चित्रं मी पुन्हा अशी केली. दीड महिना गेला. स्कॅनिंगचे ६०० डीपीआयला पानामागे ४० रुपये पडले, सगळे मिळून साडेसहा हजार.

जानेवारी २०२४पासून मांडणी. देवनागरीसाठी एकच गोष्ट सांगते, पण ती विसरू नका : इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडा, नाहीतर जोडाक्षरं आणि रफार तुटतात. आणि प्रेसला उघडी फाइल देऊ नका, फॉन्ट आत घेतलेली पीडीएफच द्या. मी घाईत एकदा उघडी फाइल दिली. त्यांच्याकडच्या जुन्या आवृत्तीत 'किनाऱ्यावर' हा शब्द सगळीकडे फुटला, आणि माझ्या पुस्तकात तो दर दोन पानांनी येतो. मजकुराला मी मुक्ता हा खुला फॉन्ट वापरला. मामाच्या नोंदी त्याच्याच अक्षरात, वहीतून स्कॅन करून घेतल्या.

कागदाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते. मामाने सांगितलं होतं की नव्वदच्या दशकात पार्टीच्या आदल्या दिवशी गोरी पोरं पांढरे बनियन घेऊन यायची आणि धुताना टिनोपॉल जास्त घालायला सांगायची. काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील उजेडाच्या दिव्याखाली, तो बनियन निळसर पेटायचा. टिनोपॉलमधलं द्रव्यही अतिनील प्रकाश घेऊन निळा उजेड टाकतं. एका रात्री वीज गेली होती. नोटा तपासायला मिळतो तसला २५० रुपयांचा यूव्ही टॉर्च मी चित्रांवर फिरवत होते, आणि शेजारी कागदवाल्याने दिलेले नमुने पडले होते. पांढरा मॅपलिथो, म्हणजे छपाईचा न लेपलेला कागद, एकदम निळाजांभळा उजळला. नॅचरल शेड, म्हणजे पिवळसर छटेचा कागद, तसाच मातकट, विझलेला राहिला. पांढऱ्या कागदातही तेच उजळवणारं द्रव्य घालतात! मी अंधारात कितीतरी वेळ एकामागून एक नमुने उजेडात धरत बसले. दिवसाच्या, सुती कपड्यांच्या काळाला नॅचरल शेड. रात्रीच्या, ट्रान्सच्या काळाला पांढरा. वाचकाने टॉर्च मारला तर पुस्तकाचा शेवटचा भाग बनियनसारखाच पेटेल.

पण कागद मध्येच बदलता येत नाही, तो फॉर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, सीमेवरच बदलतो. २० बाय ३० इंचाच्या कागदाला माझ्या आकाराची १६ पानं बसत होती. म्हणजे नॅचरल शेडचे सहा फॉर्मे, ९६ पानं, आणि पांढऱ्याचे तीन, ४८. दिवसाचा भाग १०३ पानांचा झाला होता. सात पानं काढायला तीन आठवडे लागले आणि त्यात मला आवडलेली दोन चित्रं गेली. दुसरं गणित पाचव्या रंगाचं. फ्लुरोसंट शाई सगळ्या पानांवर परवडणार नव्हती, फक्त एका फॉर्म्याच्या एका बाजूवर शक्य होती. एका बाजूला आठ पानं येतात, पण ती सलग नसतात. १६ पानी फॉर्म्यात एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ आणि दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५. दुसरी बाजू निवडली की २-३, ६-७, १०-११, १४-१५ अशी समोरासमोरची चार जोडपानं पूर्ण मिळतात. पहिलीत तीनच मिळतात आणि दोन पानं सुटी पडतात. कागदाची घडी घालून, पेन्सिलीने आकडे टाकून, उलगडून बघा, लगेच कळतं. माझी चमकणारी २२ चित्रं मी या चार जोडपानांत बसवली.

जून २०२४मध्ये आयएसबीएन. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, शुल्क नाही. स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकालाही मिळतो. ओळखपत्र आणि पुस्तकाचं शीर्षकपान लागतं. माझा पहिला अर्ज परत आला, कारण अर्जातलं शीर्षक आणि पानावरचं शीर्षक यांत एका शब्दाचा फरक होता. दुरुस्त करून पाठवल्यावर तीन आठवड्यांनी क्रमांक आला. पुठ्ठा बांधणी, साधी बांधणी, ई-पुस्तक अशा प्रत्येक रूपाला वेगळा क्रमांक लागतो, त्यामुळे आधी ठरवा. मी एकच रूप केलं. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण मी केली, कारण चित्रं लगेच टी-शर्टवर जातात. अर्जाचे ५०० रुपये, डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं, त्यानंतर तपासणी.

छपाईसाठी ऑगस्टमध्ये तयार होते, पण प्रेसवाल्यांनी पावसात नको म्हणून सांगितलं. दमट हवेत असा न लेपलेला कागद ताणतो आणि रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. गणपतीत पेठांमधलं काम थंडावलं. अनंत चतुर्दशीनंतर सुरू झालं तर प्रेस दिवाळी अंकांनी भरलेली. माझे फॉर्मे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, रात्रपाळीत छापले गेले. मी तीन रात्री मशीनपाशी उभी होते. हे करा. मशीनप्रूफवर सही करताना तुम्ही तिथे नसलात तर नंतर बोलण्यात अर्थ नाही. फ्लुरोसंट गुलाबीचा पहिला हात फिका आला. मशीनवरच्या दादांनी वाळवून दुसरा हात मारू या म्हटलं. त्याचे चार हजार वाढले, आणि मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. दुसऱ्या हातानंतर मी टॉर्च काढला. दादांनी स्वतःहून दिवा बंद केला. ओल्या कागदावरचा झगा लखलखून उठला आणि मशीनवरचे तिघंही जवळ आले.

फ्लुरोसंट शाई उन्हात लवकर उडते, म्हणून ती मुखपृष्ठावर आणि पाठीवर वापरली नाही. मुखपृष्ठावर मामाच्या वहीतलं १९७४चं पान आहे, गंजलेल्या टाचणीसकट.

बांधणी अडकली. आधी दिवाळी, मग २० नोव्हेंबरची विधानसभा निवडणूक, बाइंडरकडे पत्रकांचे ढीग. छापील फॉर्मे दोन महिने नुसते पडून होते. रोज फोन करत होते, रडकुंडीला आले होते. शेवटी १२ डिसेंबरला प्रती मिळाल्या. दोऱ्याने शिवलेल्या, पुठ्ठा बांधणी, ६०० प्रती.

खर्च : कागद ३४ हजार, प्लेट आणि चाररंगी छपाई ८८ हजार, पाचवा रंग दोन्ही हात मिळून साडेअठरा हजार, बांधणी ४५ हजार, मानधनं २६ हजार, प्रवास, स्कॅनिंग, टपाल आणि बाकीचं ३८ हजार. एकूण जवळजवळ अडीच लाख. माझ्या दोन वर्षांच्या रात्री यात धरलेल्या नाहीत. किंमत ७५० ठेवली. प्रकाशनपूर्व सवलतीत ५५० रुपयांना ११८ जणांनी आगाऊ नोंदणी केली, त्यातून बांधणीचे पैसे उभे राहिले. दुकानं ३५ ते ४० टक्के घेतात, हे किंमत ठरवतानाच धरा. प्रकाशित झाल्यावर ३० दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत आपल्या खर्चाने पाठवायची असते, त्या चार प्रती बाजूला काढून ठेवा.

पहिली प्रत मामाला द्यायला २२ डिसेंबरला म्हापशाला गेले. त्याने पुस्तक घेतलं, मध्यभागी उघडलं आणि चित्रं न बघता पानांच्या बेचक्यात बोट घातलं. शिवणीवरून वरखाली फिरवलं. "टाका जरा लांब आहे. पण दोरा चांगला आहे." मग भिंग लावून तासभर पानं बघत बसला. अक्कांच्या आरशांपाशी बराच थांबला. ६१व्या पानावर थबकला. लांब जर्मनाच्या विजारीचं पान.

"हे काज आडवं काढलंस. नाडीचं काज मी कायम उभं केलं."

वही काढून बघितली. पेन्सिलीच्या आकारात खरंच उभी रेघ होती, टाचणीच्या गंजाखाली अर्धी झाकलेली. पुण्याला परतल्यावर चूक-दुरुस्तीची एक चिठ्ठी छापून घेतली, ६०० नगांचे ४८० रुपये. त्यावर काजाचं योग्य चित्र आहे आणि खाली मामाचं नाव, दुरुस्ती त्याची म्हणून. उरलेल्या प्रतींत ती घातली आहे. ज्यांच्याकडे पहिल्या प्रती गेल्यात त्यांनी पत्ता कळवा, टपालाने पाठवते.